लिंबाएवढी फट

श्रीरंगनं मुसफ्फाहून व्हिडिओवर सांगितलं,
खिडकी उघडायची ती लिंबाएवढी.
लिंबू जाईल, डोकं जाणार नाही.
परांच्यांवरून माणसं पडू नयेत
याचाच त्याला पगार मिळतो.
अबू धाबीची हद्द बंद,
म्हणून घरची खिडकी माझ्याकडे.

सरकत्या काचेच्या खोबणीत मी लाटणं आडवं घातलं,
उरलेल्या जागेत मोहरीची डबी
आणि विजेच्या बिलाची घडी.
पोळ्या मग बाटलीनं लाटल्या.

शारजा, नहदा, अकरावा मजला.
पुढे रस्ता, त्यापलीकडे दुबई.
गाडी एकही नाही, तरी सिग्नल
नेमानं लाल होतो, हिरवा होतो.
रात्री आठला साऱ्या इमारतीतले मोबाईल
एकदम किंचाळतात,
आणि तन्मय पलंगाखाली जातो.

आजार दाराबाहेर आहे, मी मुलांना सांगितलं होतं.
कडी लावा. हात धुवा, वीसपर्यंत मोजून.
पण आत काय कमी होतं?
सॅनिटायझर गुलाबी होता,
तन्मयला सरबत वाटलं, जीभ लावली त्यानं.
तेव्हापासून बाटल्या कपाटाच्या माथ्यावर,
आणि केतकीनं प्रत्येकीवर स्केचपेननं
बागुलबुवा काढला.
एका बागुलबुवाला मास्कसुद्धा.

मागच्या खिडकीसमोर दुसरी इमारत,
मधे पार्किंगची वाळू.
तिथे आमच्याच उंचीवर एक मुलगा,
चार-पाच वर्षांचा, पडदा निळा.
नाव नाही, देश नाही, भाषा कळायचा प्रश्न नाही.
केतकीनं नाक धरलं की तो नाक धरायचा.
तिनं जीभ काढली की त्याची बाहेर.
शाळा टॅबवर संपली की हा तास,
आरसा-आरसा, अडीच आठवडे.
मी भांडी घासताना ऐकायची:
"आता बेडूक!"

त्या दुपारी तिनं मला हाक मारली नाही.
ती गप्प झाली, म्हणून मी आले.

समोरची काच पूर्ण सरकलेली.
मुलगा चौकटीत उभा,
एक पाय आत, एक पाय कडेवर,
एसीच्या खोक्याकडे हात लांबवून.

मी ओरडले.
लिंबाएवढ्या फटीतून आवाज तो किती जाणार,
आणि बाहेर शंभर एसी घरघरत होते.
मग मी दोन्ही हात हलवले, मागे जा, मागे.
त्यानं पाहिलं. हसला.
आणि चौकट सोडून
दोन्ही हात हलवले.

"आई, हात खाली कर.
तू करतेस तेच करतोय तो."

केतकीनं माझे हात धरले, मागे ढकलले.
आधी नाक धरलं.
त्यानं एका हातानं नाक धरलं,
दुसऱ्यानं चौकट.
मग ती वळली, त्याला पाठ दाखवली, खुर्चीवरून उतरली,
आणि फरशीवर बसली.
खिडकीतून आता ती दिसतही नसेल.
पाठ माझ्या गुडघ्याला टेकवून कुजबुजली,
"बसला का?"

मला सांगता येईना.
तो वळत होता. एक गुडघा आत गेला,
दुसरा बराच वेळ गेला नाही.
मग निळा पडदा, आणि डोकं नाही.
नंतर ओल्या केसांची एक बाई, टॉवेल तसाच,
खिडकीशी आली, खाली वाळूकडे पाहिलं, काच ओढली.
आमच्याकडे तिनं पाहिलं नाही.
पाहिलं असतं तरी काय सांगणार होते मी,
आणि कुठल्या भाषेत?

दुसऱ्या दिवशी तिथे फ्रिजचा मोठा खोका उभा होता,
"ही बाजू वर" असा बाण खाली करून.
केतकी तीन दिवस खोक्यासमोर नाक धरून बघत राहिली.

रात्री श्रीरंगला हे सांगितलं नाही.
त्यानं विचारलं, माप बघितलंस?
बघितलं, म्हटलं.
रोज बघते, त्याच लिंबानं,
खोबणीजवळच असतं ते.
वाळून सुपारीएवढं झालंय.
मी बिलाची घडी अजून एकदा घालते,
काच तेवढी पुढे ओढते.
तन्मय फटीला नाक लावतो
आणि म्हणतो, आई, बाहेरचा वास येत नाही.